धर्म, कायदा आणि रीत : बेळगाव सीमाभागातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाली दिलेले प्रश्न खानापूर, निपाणी, चिकोडी आणि बेळगाव तालुक्यांतल्या मराठी घरांतून येतात. कोणी ते बारशाला विचारतं, कोणी बाराव्याच्या मांडवात, कोणी भजन संपल्यावर चपला घालता घालता. मी निवृत्त शिक्षिका आहे आणि वारकरी घरातली आहे, त्यामुळे माझा कल उत्तरांतून दिसेलच. आपल्या एकेका गावात मराठा, लिंगायत, जैन, मुसलमान, ख्रिस्ती आणि दलित घरं शेजारी शेजारी नांदतात, म्हणून त्यांच्या धर्मांतलं जे पक्कं ठाऊक आहे तेही सांगितलं आहे.

धर्मग्रंथ काय सांगतात, कायदा काय सांगतो आणि गावाची रीत काय आहे हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. आपल्याकडची बहुतेक भांडणं रीतीवरून होतात आणि धर्माच्या नावानं लढवली जातात.

नवरा गेल्यावर बायकोचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं धर्मात सांगितलंय का?

काही स्मृतींत आणि पुढच्या काळातल्या ग्रंथांत विधवेसाठी कडक नियम आहेत. पण त्याच परंपरेत केशवपनही होतं. ते आपण सोडलं. १८२९ साली सतीबंदी झाली, १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा आला, आणि तरी देवघरातला दिवा लागतोच आहे. एवढं सगळं सोडून दिल्यावर फक्त बांगड्यांपाशी येऊनच धर्म कसा अडतो, हे मला कोणी नीट सांगू शकलेलं नाही. मुसलमानांत विधवेला चार महिने दहा दिवसांची इद्दत, म्हणजे थांबण्याची मुदत, असते, ती संपली की ती दुसरं लग्न करायला मोकळी. लिंगायतांतही विधवेच्या दुसऱ्या लग्नाची परंपरा जुनी आहे.

निपाणीपासून फार लांब नसलेल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं हे सगळं त्यात आलं. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. हेरवाडची माणसं आपलेच पै-पाहुणे आहेत. तिथे जे जमलं ते चिकोडीत का जमू नये?

मात्र ठराव गावाचा असला तरी प्रसंग घरात घडतो. माणूस जाऊन काही तास झालेले असतात, बाई अर्धवट शुद्धीत असते, आणि दोन-तीन म्हाताऱ्या तिला धरून मोरीकडे नेतात. एकजण मनगट धरते, दुसरी दगड घेते. काचेनं हात कापतो, पण त्या घाईत ते रक्त कोणी पुसत नाही. हे थांबवायचं असेल तर त्या क्षणी वाद घालून भागत नाही. घरात कोणी फार आजारी असेल तेव्हाच थोरल्या जावेनं किंवा नणंदेनं सगळ्यांना सांगून ठेवावं की आमच्याकडे हे होणार नाही. एका घरात खुद्द सासूच दारात उभी राहिली आणि म्हणाली, "माझा लेक गेलाय, आता हिला कोणी हात लावायचा नाही." त्यापुढे कोणाचं काही चाललं नाही. सासूच्या तोंडून आलेल्या नकाराला गावात फार वजन असतं.

विधवा आईनं पोराच्या लग्नात अक्षता टाकल्या, सुनेची ओटी भरली तर चालतं का?

चालतं. तो मान तिचाच आहे. भटजी किंवा अय्या (लिंगायत पुरोहित) अडवत असतील तर आधीच बोलून घ्या आणि तरीही ऐकत नसतील तर दुसरे बघा. मांडवात आई मागच्या खुर्चीवर बसलेली आणि लांबची मावशी ओटी भरतेय, हे बघवत नाही.

पोरीच्या डोक्यात जट आलीय. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडावी लागेल, म्हणजे देवदासी करावी लागेल, असं म्हणतात. काय करू?

आधी पोरीला शाळेत पाठवा. मग केसांचं बघा.

केस नीट न धुता, न विंचरता राहिले, त्यात तेल, मळ आणि उवा साचल्या की ते एकमेकांत गुंततात आणि घट्ट होतात. त्याला जट म्हणतात. तो देवीचा निरोप नाही. ओढाताण न करता केस भिजवून, तेल लावून कात्रीनं हळूहळू सोडवले किंवा कापले की जट जाते. निपाणी-गडहिंग्लज भागात अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे कार्यकर्ते घरी येऊन हे करतात. त्या वेळी घरातलं एखादं ज्येष्ठ माणूस शेजारी बसलेलं असावं, म्हणजे पुढे घरात कोणी आजारी पडलं तरी पोरीवर खापर फुटत नाही.

कायद्याची गोष्ट तर फार जुनी आहे. बेळगाव मुंबई इलाख्यात होतं तेव्हाच, १९३४ साली, देवदासी सोडण्याविरुद्ध कायदा झाला. कर्नाटकानं १९८२ साली स्वतःचा कायदा केला. मुलीला देवाला सोडणं, त्या विधीत भाग घेणं, त्याला मदत करणं हे सगळंच त्यात गुन्हा ठरवलं. सोडणारे आईबाप किंवा नातेवाईक असतील तर त्या कायद्यात शिक्षा जास्त, पाच वर्षांपर्यंत होती. मूल अठराच्या आतलं असेल आणि कोणी दबाव आणत असेल तर १०९८ या नंबरावर कोणीही फोन करू शकतं.

देवीची भक्ती सोडायला कोणी सांगत नाही. डोंगरावर जा, भंडारा उधळा, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवा, परडी भरा. माझ्या माहेरी यल्लम्माचा कुळाचार आहे आणि तो मी आजही मनापासून पाळते. पण आईला लेकीचं आयुष्य लागतं, असं म्हणणाऱ्याला आई कशी असते हेच कळलेलं नाही. आणि बघा, देवीला सोडलेल्या पोरी कोणत्या वाड्यांतल्या असायच्या आणि त्यांचा उपभोग घेणारे कोणत्या. पोरी बहुतेक दलित, भूमिहीन घरांतल्या असायच्या. यात देवीपेक्षा माणसांचीच सोय जास्त होती.

महालक्ष्मीच्या जत्रेत बकरं कापलं नाही तर देवी कोपते का?

कर्नाटकात १९५९ सालापासून पशुबळी प्रतिबंधक कायदा आहे. देवळात, देवळाच्या आवारात, धार्मिक मिरवणुकीत बळी देता येत नाही. घरी कोण काय खातं याच्याशी या कायद्याचा संबंध नाही.

श्रद्धेच्या बाजूनं सांगायचं तर वारकऱ्यांनी बळी कधीच मानला नाही आणि जैनांनी तर त्याला उघड विरोध केला. गाडगेबाबांनी आयुष्यभर गावोगाव खराटा घेऊन फिरताना जे सांगितलं, त्यात देवापुढे मुकं जनावर मारू नका हे असायचंच. एकाच घरात एक भाऊ माळकरी आणि दुसरा जत्रेचा मानकरी, असं आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी आहे. अशा घरांनी कोहळा किंवा नारळ फोडून मान राखला आहे. पुजारी आणि देवस्थानाचे पंच आधी कुरकुरतात, पण एका मानकऱ्यानं बदललं की बाकीच्यांची भीड चेपते.

जत्रेसाठी, बाराव्याच्या जेवणासाठी कर्ज काढावं का?

नाही. तीन-तीन बचत गटांतून पैसे उचलून पाहुण्यांना जेवण घालणं हा धर्म कोणत्याच पोथीत नाही. जत्रेला लेकी-जावयांना बोलवा, पिठलं-भाकरी वाढा. रुसणारे एका वर्षात विसरतात आणि हप्ता दर आठवड्याला दारात येतो.

आम्ही मराठा. मुलगी लिंगायत मुलाशी लग्न करायचं म्हणते. आमच्यात चालेल का?

"आमच्यात" म्हणजे कोणात, हे आधी घरात ठरवा. भावकीत विचारलं तर उत्तर आधीच ठरलेलं आहे. परंपरेत विचारलं तर वेगळं मिळतं. बाराव्या शतकात कल्याणमध्ये, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बसवण्णांच्या शरणांपैकी (अनुयायांपैकी) हरळय्या चांभार आणि मधुवरस ब्राह्मण होते. त्यांच्या मुलामुलीचं लग्न झालं म्हणून दोघांना देहदंड झाला, असं शरण परंपरा सांगते. जातीच्या वर उठण्यासाठी ज्यांच्या पूर्वसुरींनी जीव दिला, त्या घरात मराठ्याची मुलगी सून म्हणून गेली तर काय बिघडेल? आणि वारीत एकमेकांच्या पाया पडणाऱ्या आपण माळकऱ्यांनी घरी आल्यावर जात काढावी, हेही शोभत नाही.

मुलगी अठरा आणि मुलगा एकवीस वर्षांचा पूर्ण असेल तर संमती त्या दोघांचीच लागते. मराठा, लिंगायत, जैन, बौद्ध यांच्यातलं लग्न १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली होतं. मुसलमान किंवा ख्रिस्ती जोडीदार असेल आणि कोणालाच धर्म बदलायचा नसेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात तीस दिवसांची नोटीस लागते. दोन सज्ञान माणसांच्या लग्नात खाप किंवा पंचांनी पडायचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्ट सांगितलं आहे.

हे कागदावरचं झालं. डिसेंबर २०२३ मध्ये बेळगाव तालुक्यातल्याच होसवंटमुरीत, पोरगा मुलीला घेऊन गेला म्हणून त्याच्या आईला घरातून ओढून काढून विवस्त्र केलं आणि खांबाला बांधलं. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि बघत उभ्या राहिलेल्या गावकऱ्यांनाही खडसावलं. प्रेम पोरांचं आणि शिक्षा आईला. असल्या अब्रूला अब्रू म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुमच्या घरात असं लग्न होणार असेल आणि भावकी तापलेली असेल तर आधी दोन्हीकडच्या आयांना सुरक्षित ठिकाणी नेऊन ठेवा आणि पोलिसांत लेखी कळवा.

मराठी-कन्नड लग्नांत भांडण जातीवरून कमी होतं. नातवंडं कोणत्या शाळेत जाणार यावरून जास्त होतं. ते लग्नाआधी बोलून घ्या. सीमाप्रश्नात मी मराठीच्या बाजूनं आहे, कित्येक वर्षं १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळला आहे. पण मोर्च्यातला राग सुनेच्या ताटात वाढू नये.

देहदान, नेत्रदान केलं तर मुक्ती मिळते का? विधी कसे करायचे?

आधी फरक समजून घ्या. नेत्रदान घरी मृत्यू झाला तरी होतं, मात्र सहा तासांच्या आत. पंखा बंद करा, डोळे मिटून त्यावर ओला कापूस ठेवा आणि नेत्रपेढीला फोन करा. पंधरा-वीस मिनिटांचं काम असतं, चेहरा विद्रूप होत नाही. मूत्रपिंड, यकृत, हृदय यांचं मरणोत्तर दान आपल्याकडे मेंदू मृत झाल्यावर होतं. डॉक्टरांचं पथक सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासून तसं प्रमाणपत्र देतं. अवयव काढल्यावर देह घरच्यांना परत मिळतो आणि बेळगावच्या सदाशिवनगर स्मशानात किंवा गावच्या स्मशानात नेहमीसारखे सगळे विधी करता येतात. देहदानात मात्र संपूर्ण देह वैद्यकीय महाविद्यालयात जातो.

"अग्नी दिला नाही तर पुढची गती कशी?" हा प्रश्न बेळगावात फार येतो. ज्याचा देह मिळतच नाही त्याच्यासाठी शास्त्रात पालाशविधी आहे, म्हणजे पळसाच्या पानादेठांची प्रतिकृती करून तिच्यावर संस्कार करतात. देह नसतानाही विधी होतो हे शास्त्रकारांनीच मान्य केलेलं आहे. तेरावं, वर्षश्राद्ध यांत काहीच अडत नाही. लिंगायतांत दफन असतं, तरी नेत्रदानाला अडचण येत नाही. कॅथलिक चर्च अवयवदानाला परोपकार मानतं. मुसलमानांत मतं दोन आहेत. १९८८ साली जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिकह (इस्लामी धर्मशास्त्र) अकादमीनं अटींसह अवयवदान मान्य केलं, पण बरेच उलेमा मान्य करत नाहीत आणि देहदानाला तर बहुतेकांचा नकार आहे. शेजाऱ्याला यावरून टोमणा मारू नका.

फॉर्म भरून ठेवला तरी शेवटच्या क्षणी घरचे काय म्हणतात यावर सगळं ठरतं. म्हणून मुलांना आजच सांगा.

वडील व्हेंटिलेटरवर आहेत. काढायला सांगणं म्हणजे आपणच मारणं का?

हे विचारणाऱ्याचा चेहरा मला दिसतो, म्हणून सावकाश लिहिते. आजार बरा होणारच नाही, यंत्र फक्त मरण लांबवतंय असं डॉक्टर सांगत असतील तेव्हा यंत्र काढणं म्हणजे आजाराला त्याच्या वाटेनं जाऊ देणं. विषाचं इंजेक्शन देणं वेगळं, ते भारतात गुन्हाच आहे. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ रोजी सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. धडधाकट असतानाच कोणीही सज्ञान माणूस "मला असं जगवत ठेवू नका" असा इच्छालेख करू शकतो. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. प्रत्यक्ष वेळ आली की रुग्णालयातली दोन वैद्यकीय मंडळं निर्णय तपासतात. जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारनं याच्या अंमलबजावणीचा आदेश काढला. कॅथलिक शिकवणही असाधारण उपचार थांबवायला परवानगी देते, जीव घेण्याला देत नाही.

खर्चाचा विचार मनात आला म्हणून स्वतःला पापी समजू नका. शेत विकून आठ दिवस वाढवणं हे वडिलांनाच पटलं असतं का, हे त्यांच्या लेकरांइतकं कोणाला कळणार? निर्णय मात्र एकट्या थोरल्या मुलावर टाकू नका. सगळी भावंडं एकत्र बसा, बहिणींसकट.

जैन शेजाऱ्यांची सल्लेखना म्हणजे आत्महत्या का?

नाही. जैन दृष्टीनं देह साथ देईनासा झाला की गुरूच्या अनुज्ञेनं, कोणताही राग-द्वेष न ठेवता अन्न कमी करत नेणं हे व्रत आहे. आपल्या जिल्ह्यातल्या भोज गावचे आचार्य शांतिसागर महाराज यांनी १९५५ साली कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली. राजस्थान उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१५ मध्ये ती बेकायदा ठरवली होती, त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. मला एकच काळजी वाटते. घरात नकोशा झालेल्या म्हाताऱ्या माणसाला कोणी व्रताकडे ढकलत नाही ना, हे गुरूनं आणि नातलगांनी पाहायला हवं. जाणती जैन मंडळी हेच सांगतात.

गर्भपात पाप आहे का?

कॅथलिक शिकवण सर्वच गर्भपाताला विरोध करते. हिंदू ग्रंथांत भ्रूणहत्येला मोठं पाप म्हटलं आहे, पण आईचा जीव वाचवण्याला तिथेही महत्त्व आहे. इस्लामी शास्त्रकारांत पहिल्या १२० दिवसांबद्दल मतभेद आहेत. भारतात १९७१ चा कायदा आणि त्यातली २०२१ ची दुरुस्ती यांनुसार वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतानं आणि ठरावीक स्त्रियांना चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं गर्भपात करता येतो. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. हे वाक्य मी मुद्दाम मोठ्यानं सांगते, कारण दवाखान्यातून बायकांना याच कारणानं परत पाठवतात.

मुलगी आहे म्हणून पाडणं हा मात्र वेगळाच विषय आहे आणि त्यात कोणत्याही धर्माचं दुमत नाही. कागवाडच्या पलीकडच्या, महाराष्ट्रातल्या म्हैसाळमध्ये मार्च २०१७ मध्ये १९ भ्रूण पुरलेले सापडले. जून २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या मुडलगीत नाल्यात बाटल्यांत भरलेले सात भ्रूण मिळाले. गिऱ्हाईक सीमा ओलांडून इकडून तिकडे जातं, कारण ओळखीच्या गावात भीती वाटते. मुलगाच पाहिजे म्हणून नवस बोलणाऱ्या घरांत हरिपाठही चालतो. नवसानं मुलं होत असती तर नवरा कशाला करावा लागला असता, असं तुकोबांनी साडेतीनशे वर्षांपूर्वीच सुनावलं होतं.

तंबाखू पिकवणं, विड्या वळणं हे पापाचं पोट का?

निपाणीत हा प्रश्न हळू आवाजात विचारतात. जैन आचारात श्रावकानं विषाचा व्यापार टाळावा असं आहे, आणि तंबाखू त्यात धरावा की नाही यावर घराघरांत वाद होतात. पण १९८१ च्या एप्रिलमध्ये भाव मागणारे तंबाखू शेतकरी निपाणीच्या महामार्गावर गोळीबारात मेले, तेव्हा त्यांच्याकडे दुसरं पीक नव्हतं. वखारीत तोंडाला पदर बांधून तंबाखू चाळणाऱ्या बाईच्या नाकातोंडात दिवसभर ती धूळ जाते. तिला पापी ठरवून तिच्या पोराला तंबाखू विकणारा मोकळा सुटतो, हे मला मान्य नाही. ज्याच्याकडे पाणी आणि भांडवल आहे, त्यानं पीक बदलायला हवं. विडी वळणारीनं आधी आपलं विडी कामगाराचं कार्ड, भविष्यनिर्वाह निधी आणि दवाखान्याचा हक्क मागावा.

गणपतीत डॉल्बी लावला तर?

रात्री दहा ते सकाळी सहा बंद. राज्य सरकारला वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत रात्री बारापर्यंत सूट देता येते, बाकी कोणालाच नाही. भोंगा मशिदीवरचा असो, देवळावरचा असो, नियम एकच. गल्लीत बाळंतीण किंवा हृदयरोगी असेल तर घड्याळ बघत बसू नका.

बहिणीला वाटा दिला की माहेर तुटतं म्हणतात. आणि सह्या घेतात ते कागद कन्नडमध्ये असतात. काय करावं?

माहेर वाट्यानं तुटत नाही, फसवणुकीनं तुटतं. कर्नाटकानं १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीनं तो भेद काढला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क जन्मानं आहे, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र मोडत नाहीत. लिंगायत आणि जैनांनाही हाच कायदा. मुसलमान मुलीचा वाटा कुराणानं मुलाच्या निम्मा ठरवून दिला आहे, आणि तोही गावात बहुधा मिळत नाही. ख्रिस्ती मुला-मुलींना सारखा. बहीण लग्न होऊन चंदगडला किंवा कोल्हापूरला असली तरी हक्क बेळगावातल्या जमिनीवर राहतोच.

भाऊबीजेच्या दिवशी ताटाशेजारी कागद ठेवून सही घेणारे भाऊ मी पाहिले आहेत. बहीण मराठी शाळेत शिकलेली, कागद कन्नडमध्ये, आणि "वारसा नोंदीचा आहे गं" म्हणून सांगितलेलं. नंतर उतारा काढला की तिचं नावच नसतं. ज्या तालुक्यात पंधरा टक्क्यांहून जास्त लोक दुसरी भाषा बोलतात तिथे महत्त्वाची सरकारी कागदपत्रं त्या भाषेतही मिळावीत, असं भाषिक अल्पसंख्याकांसाठी १९५६ पासून ठरलेलं आहे. ते नीट पाळलं जात नाही, म्हणून मागणी चालू ठेवायचीच. पण तोवर सही करू नका. कागदाचा फोटो काढून घ्या आणि घराबाहेरच्या, कन्नड येणाऱ्या माणसाकडून शब्द न् शब्द मराठीत वाचून घ्या. शेजारची कन्नड वहिनी हे आनंदानं करते. "हक्क सोडते" असं कुठेही दिसलं तर उठून या. बेळगावच्या न्यायालयाच्या आवारात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरण आहे, तिथे कोणत्याही स्त्रीला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जाताना आधार कार्ड आणि जमिनीचा उतारा सोबत न्या, आणि आई हयात असेल तर तिलाही घेऊन जा, कारण वाटा तिचाही आहे.